‘टँक’ : एका आखूड शब्दाची लांब कुळकथा

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. शब्दांचे मूळ शोधण्यास मात्र कोणी मनाई केलेली नाही. तरीही काही शब्द असे असतात की त्यांचा माग काढू लागले म्हणजे या म्हणीतले शहाणपण पटू लागते. इंग्रजीतील ‘टँक’ हा शब्द त्यांपैकी एक होय. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील कोणत्याही खेड्यात आज हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. घरावर बसविलेली पाण्याची टाकी म्हणजे टँक, मोटारीच्या पोटात तेल भरतात तो टँक, शौचकूपाखालचा खड्डा तो सेप्टिक टँक, आणि २६ जानेवारीच्या संचलनात जो लोखंडी रथ गडगडत जातो तोही टँकच. एवढ्या भिन्न वस्तूंना एका अक्षरगुच्छाने कसे बांधले, आणि तो गुच्छ मुळात कोणाच्या मळ्यात उगवला, याची कथा पाहू गेल्यास ती इंग्लंडात फार थोडी घडते. तिचा बराचसा भाग हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर घडलेला आहे.

प्रथम इंग्रजांपासून आरंभ करावा. सतराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी सुरतेस येऊन पोहोचले. त्यांच्या देशात पाऊस बारमाही, नद्या बारमाही; पावसाळ्याचे चार महिने सरले की पुढील आठ महिन्यांची बेगमी करून ठेवावी लागते, हा अनुभव त्यांना नवा होता. गुजराथेत त्यांनी घराघरांच्या अंगणाखाली बांधलेली पावसाच्या पाण्याची भुयारी टाकी पाहिली, देवळांपुढील पायऱ्यापायऱ्यांचे तलाव पाहिले. गुजराथी माणूस अंगणाखालील त्या साठ्याला ‘टांकुं’ म्हणतो, मारवाडात त्यालाच ‘टांका’ म्हणतात आणि मराठीत ‘टाके’ किंवा जुन्या लेखनाप्रमाणे ‘टांकें’. या व्यापाऱ्यांच्या रोजनिशींतून ‘टँक’ हा शब्द इंग्रजी लेखनात स्थिरावू लागला, आणि त्याचा पहिला अर्थ होता तलाव. आजही दक्षिण हिंदुस्थानात तलावाच्या बांधाला ‘टँक बंड’ म्हणतात आणि जुन्या सरकारी कागदांत तलावाच्या पाण्यावरील शेतीला ‘टँक इरिगेशन’ असे नाव आढळते, ते या पहिल्या अर्थाचे अवशेष होत.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. हिंदी शब्द इंग्रजांनी उचलला, असे म्हणून प्रकरण मिटविता आले असते. परंतु इंग्रजांच्या आधी शंभर वर्षे पोर्तुगीज या किनाऱ्यावर आलेले होते, आणि त्यांच्या भाषेत ‘तांक’ असा उच्चारला जाणारा, अर्थानेही पाण्याचा साठा दाखविणारा शब्द होता. तो त्यांनी येथे येऊन उचलला असे म्हणावे, तर १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हाच्या त्याच्या प्रवासवृत्तातच एका मंदिराजवळील मोठ्या बांधीव तळ्याला हा शब्द लावलेला आहे. ज्यांना हिंदू देवालय आणि ख्रिस्ती देऊळ यांतील भेदही अद्याप कळला नव्हता, अशा नवख्या खलाशांनी तेवढ्या अवधीत येथील भाषेतला शब्द आपलासा केला असेल, हे संभवनीय वाटत नाही. तो ते घरूनच बरोबर घेऊन आले होते. पोर्तुगीज भाषेत ‘एश्तांकार’ म्हणजे वाहते अडविणे, थोपविणे. त्यापासून अडविलेले पाणी तो ‘तांक’. रक्त वाहणे थांबविणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘स्टँच’ हे याच कुळातले होय.

तेव्हा एकाच वस्तूला जगाच्या दोन टोकांस जवळजवळ एकच नाव होते, आणि ती दोन नावे गोव्याच्या किनाऱ्यावर एकमेकांस येऊन भेटली. १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदी वळणाच्या इंग्रजी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जो प्रसिद्ध कोश सिद्ध केला, त्यात या शब्दाविषयी विस्तृत टिपण आहे. आणि एक मूळ हिंदी, दुसरे युरोपीय अशी दोन्ही मुळे त्यांनी मान्य केली आहेत. गोव्याच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, या प्रकारच्या शब्दशोधाचा पाया ज्यांनी भक्कम केला, त्यांपैकी एक अग्रगण्य पंडित बार्देशातील आसगाव येथे १८५५ साली जन्मला. मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद हे त्यांचे नाव. आशियातील भाषांवर पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा कसा ठसा उमटला याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला, आणि पोर्तुगीजांनी आशियातून उचललेल्या शब्दांचा दोन खंडांतील कोश १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झाला. देणे आणि घेणे या दोन्ही बाजूंचा जमाखर्च एकाच माणसाने मांडावा, हे गोव्याच्या मातीस शोभणारेच होते.

आता आपल्या ‘टाके’ या शब्दाकडे वळावे. मराठी माणसाला तो अस्सल घरचा वाटतो. गडावर गेलेल्या प्रत्येकाने खडकात खोदलेली टाकी पाहिलेली असतात. परंतु घरचा वाटणारा प्रत्येक शब्द घरचा असतोच असे नाही. पाण्याशी निगडित अशी मराठी घरातील भांडीच पाहावी. बालदी पोर्तुगीज, पिंप पोर्तुगीज, घमेलेही पोर्तुगीज. पाणी भरण्याची इतकी उपकरणे ज्यांनी आपल्या स्वयंपाकघरात आणून ठेवली, त्यांनी टाकीही ठेवली असेल काय, अशी शंका कोणाच्याही मनात यावी. शंकेला बळ देणारा एक पुरावाही आहे. कान्हेरी आणि जुन्नर येथील लेण्यांत जी पाण्याची कुंडे खोदलेली आहेत, त्यांचा उल्लेख तेथील प्राकृत शिलालेखांत ‘पोढी’ या शब्दाने केलेला आहे. अमक्या गृहस्थाने अमक्या लेण्यास पाण्याची पोढी दान दिली, अशा आशयाचे ते लेख आहेत. जी वस्तू आज प्रत्येक मराठी माणूस टाके म्हणून ओळखतो, तिला दोन हजार वर्षांपूर्वी तिच्या निर्मात्यांनी दुसरेच नाव दिले होते.

मग टाके हा शब्द परका ठरतो काय? असा निकाल देणेही घाईचे होईल. उच्चाराच्या आधारे निवाडा करावा म्हटले तर तोही हाती लागत नाही. पोर्तुगीजांचा ‘त’ दंत्य. तो मराठीत ‘तुरुंग’ या शब्दात ‘त’ राहिला, पण ‘बटाटा’ या शब्दात त्याचा ‘ट’ झाला. तेव्हा ‘तांक’चे ‘टांक’ होणे अशक्य नाही आणि आवश्यकही नाही. निवाड्याचा खरा आधार अर्थात आहे. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी. तीच मराठीत ‘टाकी’ झाली. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, या म्हणीतली टाकी ती हीच. जे टाकीने खोदले ते टाके, ही व्युत्पत्ती इतकी सरळ आहे की तिला परदेशी साक्षीदाराची गरज भासू नये.

आणि या टंकाचा परिवारही केवढा मोठा! छिन्नीने धातूवर ठसा उमटवावयाचा, म्हणून ठसा उमटविलेले नाणे तेही टंक. गझनीच्या महमुदाने लाहोरास पाडलेल्या अकराव्या शतकातील चांदीच्या नाण्यांवर संस्कृतात जो मजकूर आहे, त्यात त्या नाण्याला टंक म्हटलेले आहे. जेथे टंक पाडतात ती टंकशाला, म्हणजे आपली टांकसाळ. बांगलादेशाचे चलन ‘टाका’ आहे, आणि मराठीतला ‘टका’ त्याचाच भाऊ. मोती तोलण्याचे ‘टांक’ नावाचे वजन होते. देवघरात कुलदैवताची ठसा उमटविलेली जी पत्र्याची प्रतिमा असते तिला ‘टाक’ म्हणतात. आणि बोरूची जागा घेणाऱ्या लोखंडी निबाच्या लेखणीलाही गेल्या पिढीने दौतीच्या जोडीने ‘टाक’च म्हटले. यंत्रावर अक्षरांचे ठसे उमटविण्याच्या विद्येस ‘टंकलेखन’ हे नाव मिळाले तेही याच न्यायाने. सोनार डाग देताना जो टंकणखार वापरतो, त्याचेच नाव फारसी आणि मलायी भाषांतून फिरत फिरत इंग्रजीत ‘टिंकल’ या रूपाने पोहोचले आहे. गोव्यात तर या कुळाने पोर्तुगीज पोशाखही चढविला. सोळा ‘तांगा’ म्हणजे एक रुपया, हा हिशेब पोर्तुगीज राजवटीत १९५८ साली एश्कुदो हे चलन येईपर्यंत चालत होता. पेडण्याच्या बाजारात मासळीसाठी तांगा मोजणाऱ्या माणसाला आपल्या हातातील नाणे आणि गडावरील टाके यांचे आडनाव एकच असल्याची कल्पनाही नसेल.

तात्पर्य, दोन्ही मुळे खरी धरावी लागतात, आणि त्यांतील भेद मोठा बोधप्रद आहे. आपला शब्द खोदण्याचा आहे, पोर्तुगीजांचा शब्द अडविण्याचा आहे. एकाच्या मुळाशी छिन्नी आहे, दुसऱ्याच्या मुळाशी बांध. पाणी साठविण्याच्या मनुष्याला ठाऊक असलेल्या मुख्य रीती या दोनच होत. आणि गोव्याच्या उत्तर भागाने या दोन्ही रीती शब्दांवर न विसंबता शतकानुशतके आचरणात आणलेल्या आहेत.

खोदण्याची रीत डिचोली तालुक्यात चांगली पाहावयास मिळते. हरवळे येथे आणि डिचोलीनजीक लामगाव येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. येथील जांभा दगड उन्हावाऱ्यात कठीण होतो, पण जमिनीत असताना तो तुलनेने मऊ आणि सच्छिद्र असतो; टाकीला तो वश होतो, आणि पाण्यालाही. पावसाचे पाणी या दगडाच्या भोकाभोकांतून खाली उतरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि डोंगराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर पडते. पेडण्यातील विस्तीर्ण सडे वरून रुक्ष आणि निरुपयोगी दिसतात. वस्तुतः सडा हेच एक प्रचंड टाके आहे. ते निसर्गाने खोदले आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या झऱ्यांवर वाड्यावाड्यांतील तळ्या, विहिरी आणि कुळागरे जगत आली आहेत. हरमलच्या किनाऱ्यावर खाऱ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे. त्याचे परदेशी प्रवाशांना नवल वाटते. सड्यांची ही रचना ध्यानात घेतली तर त्या नवलाचा उलगडा होतो.

अडविण्याची रीत नदीकाठी दिसते. शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठी पेडण्यात, तसेच मांडवीच्या फाट्यांवर डिचोलीत खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी बांध घालून थोपवावयाचे, आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या दारातून शेतातील पाणी बाहेर सोडावयाचे, अशी ती विद्या. पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके ती येथे चालू होती. एश्तांकार हे क्रियापद ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी ती क्रिया मात्र पूर्णपणे साध्य केलेली होती.

शब्दांच्या भेटीगाठींना राजकीय इतिहासाचीही एक चौकट आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे जुन्या काबिजादीचे तालुके सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली त्यांच्या हाती लागली १७८१ साली, आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकराकडून त्यांना मिळाले. म्हणजे या दोन तालुक्यांचा पोर्तुगीज अंमल पावणेदोनशे वर्षांचा, आणि तिसवाडीचा साडेचारशे वर्षांचा. मधल्या काळात हा प्रदेश आदिलशाही, शिवशाही आणि वाडीकर सावंत यांच्या छायेत राहिला. येथील देवस्थानांचे आणि गावांचे दप्तर मराठीत चालले. ज्या भूमीत दप्तर मराठी आणि बोली कोकणी राहिली, तेथे तळे, तळी, बांय, झर ही नावे आपापल्या जागी टिकून राहिली, यात आश्चर्य नाही.

या चौकटीत एका तळ्याची हकीकत विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. कदंब राजांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटेश्वर हे मुळात दिवाडी बेटावर होते, आणि देवळाजवळ कोटितीर्थ नावाचे बांधीव तळे होते. सोळाव्या शतकातील धार्मिक छळाच्या काळात देऊळ मोडले गेले. भक्तांनी देव नदीपलीकडे, आजच्या डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेला. पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला, त्याचा शिलालेख मंदिरावर आहे. आणि अलीकडे २०२३ साली गोवा सरकारने पुन्हा त्याचे जीर्णोद्धारकार्य पुरे केले. देव नेता आला, तळे नेता आले नाही. कोटितीर्थाचे अवशेष दिवाडीवरच राहिले. पोर्तुगीज अंमलदाराने त्याला ‘तांक’ म्हटले असेल, गावकऱ्याने तळे म्हटले असेल. शब्द कोणताही असो, देऊळ गेल्यावरही लोकांच्या स्मरणात ती जागा राहिली ती पाण्यामुळे.

इकडे इंग्रजीत या शब्दाचे दैव फिरले. इंग्लंडात हिंदुस्थानातल्यासारखे तलाव नव्हते. म्हणून तेथे पोहोचल्यावर ‘टँक’ हा शब्द जमिनीतून उठला आणि लाकडाच्या, पुढे लोखंडाच्या पेटीत जाऊन बसला. वाफेची यंत्रे आली तेव्हा पाणी बरोबर वाहून नेणारे आगगाडीचे इंजिन ‘टँक एंजिन’ ठरले. खनिज तेलाचा व्यापार वाढला तेव्हा तेलवाहू जहाज ‘टँकर’ झाले. हिंदुस्थानात मात्र त्याच इंग्रजीतला तोच शब्द तलावालाच चिकटून राहिला. एकाच भाषेत एकाच शब्दाचे दोन देशांत दोन संसार झाले.

त्यानंतर पहिले महायुद्ध आले. खंदक ओलांडून जाणारे आणि गोळ्यांना न जुमानणारे एक चिलखती वाहन ब्रिटनमध्ये गुप्तपणे तयार होत होते. १९१५ सालच्या अखेरीस त्याला एखादे फसवे नाव देण्याचे ठरले. लिंकन शहरातील कारखान्यात बनणारे ते अजस्र लोखंडी धूड पाहून कोणी विचारलेच, तर मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहून नेणारी पेटी बनत आहे असे सांगावे, अशी ती युक्ती होती. ‘सिस्टर्न’, ‘रिझर्व्हॉयर’ अशी अन्य नावेही विचारात घेण्यात आली. अखेर आखूड आणि जिभेला सोपा म्हणून ‘टँक’ पसंत पडला. मेसोपोटेमियाचे निमित्त फारसे काल्पनिकही नव्हते. त्याच सुमारास मराठा पलटणींचे अनेक सैनिक त्या वाळवंटात खरोखरच तहान आणि वेढा सोशीत होते. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर ही यंत्रे प्रथम उतरली. गुपित त्या दिवशी फुटले, पण फसवे नाव मात्र कायम झाले. रशियनांनी ते जसेच्या तसे घेतले. जर्मनांनी चिलखतावरून ‘पांझर’ म्हटले, फ्रेंचांनी रथावरून ‘शार’ म्हटले, पोर्तुगीजांच्या लष्करी भाषेत तो ‘लढाईचा गाडा’ झाला. मराठीने ‘रणगाडा’ हा शब्द घडविला, आणि तो इतका चपखल बसला की त्यात पाण्याचा एक थेंबही उरला नाही.

शब्दांच्या इतिहासात योगायोग क्वचित असे घडतात, की ज्या प्रदेशाने एखाद्या शब्दाच्या जन्माला हातभार लावला तेथे तो शब्द अगदी निराळ्या रूपात चालत यावा. डिसेंबर १९६१ मध्ये ते घडले. गोवामुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबरच्या सकाळी उत्तरेकडून भारतीय सैन्याच्या ज्या तुकड्या गोव्यात शिरल्या, त्यांतील एक शीख लाईट इन्फन्ट्रीची तुकडी रणगाड्यांसह थिवीच्या रोखाने पुढे गेली. पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोली, शापोरा आणि अस्नोडा येथील पूल उडवून दिले होते. पाण्याच्या पेटीचे नाव धारण करणाऱ्या त्या यंत्रांची वाट अडविण्यासाठी पोर्तुगीजांनी अखेर पाण्याचाच, नदीनाल्यांचाच आश्रय केला. त्या दिवशी मावळतीपर्यंत सैन्य मांडवीच्या काठी बेतीला पोहोचले, आणि १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्व्हा याने शरणागती पत्करली. नव्या काबिजादीतील वृद्ध मंडळींच्या तोंडी कित्येक वर्षे ‘टँक आले तो दिवस’ असा कालनिर्देश ऐकू येत असे, तर त्याचे कोणालाही नवल वाटले नसते.

विसाव्या शतकात इंग्रजीने हा शब्द आणखी ताणला. पोहण्याच्या हौदाला टँक म्हणत, म्हणून त्यात वापरावयाचा पोशाख ‘टँक सूट’, आणि त्यावरून बिनबाह्यांचा सदरा ‘टँक टॉप’ ठरला. विद्वानांच्या सल्लागार संस्थेला ‘थिंक टँक’ म्हणू लागले. टेनिसपटू मुद्दाम सामना हरला तर त्याने सामना ‘टँक’ केला, असे क्रियापदही रूढ झाले. पोकळ भांड्याचा गुणच असा की त्यात काहीही भरता येते, शब्दाचेही तसेच.

परंतु पेडणे आणि डिचोलीच्या रहिवाशाला या शब्दाचा जो अर्थ आज सर्वांत जवळचा झाला आहे, तो कोणत्याही व्युत्पत्तिकोशाने विशेष महत्त्वाचा मानलेला नाही. तो अर्थ म्हणजे ‘टँकर’. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला, अथवा तिळारीचा कालवा कोठे फुटला, की गावच्या तिठ्यावर कळशा आणि बालद्या यांची रांग लागते आणि सर्वांचे कान टँकरच्या आवाजाकडे लागतात. महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून उभारलेल्या तिळारी प्रकल्पाचे पाणी या दोन्ही तालुक्यांना मिळते. पेडण्यात चांदेल येथे जलशुद्धीकरणाचा प्रकल्प आहे, डिचोलीत आमठाण्याचे धरण आहे. या योजनांनी हजारो घरांची पायपीट वाचविली, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्यापूर्वीच्या साठ्यांचे काय झाले हा.

डिचोलीपुरते त्याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. तेथील लोहखनिज काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापासून खाणी खोल खोल जात राहिल्या. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली की तिच्यात साठणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते; खाणीतले पाणी उपसले की शेजारच्या विहिरीचे उतरते, कारण जमिनीखाली दोघांचा साठा एकच असतो. पावसाळ्यात मातीच्या ढिगांवरून वाहणारा गाळ शेतात आणि तळ्यांत जाऊन बसतो. शिरगाव हे याचे ठळक उदाहरण म्हणून पुढे आले. श्रीलईराईच्या जत्रेत अग्निदिव्याला सामोरे जाणारे धोंड ज्या तळीत स्नान करतात, त्या गावाच्या विहिरी आणि झरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गोव्यातील खनिजकाम थांबविले, २०१४ साली अटींसह ते मोकळे केले, २०१८ साली पुन्हा ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले; त्यानंतर लिलाव होऊन २०२४ साली डिचोलीतील खाणीवर पुन्हा काम सुरू झाले. मधल्या काळात सोडून दिलेल्या खाणींचे खड्डे पावसाच्या पाण्याने भरले. मनुष्याने खोदलेली इतकी विशाल टाकी या भूमीने पूर्वी कधी पाहिलेली नव्हती, आणि ती पाण्यासाठी खोदलेली नव्हती.

पेडण्यातही तोच प्रश्न निराळ्या वेषात उभा आहे. मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्याच्या पर्यावरणविषयक परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१९ साली परवाना स्थगित झाला आणि २०२० साली अधिक अटींसह कायम झाला. धावपट्टी बांधणाऱ्यास सडा ही सपाट, मोकळी जागा दिसते. पायथ्याच्या गावाला तेच आपले टाके आहे, हे ठाऊक असते. दोघांच्या तोंडी शब्द निराळे आहेत, म्हणून त्यांना दिसणारी वस्तूही निराळी आहे.

येथे शब्दांच्या इतिहासाचा उपयोग होतो. तळे हे गावाचे असे. त्यातील गाळ काढावयाचा तो उन्हाळ्यात, सर्वांनी मिळून. त्यात कोणी काय धुवावे आणि काय धुवू नये याचे निर्बंध गाव घालीत असे. टाकी ही घराची झाली. ती भरली की घरधनी निश्चिंत झाला, शेजारच्या टाकीशी त्याला कर्तव्य उरले नाही. टँकर ना गावाचा ना घराचा. तो मागवावा लागतो, आणि आला नाही तर वाट पाहावी लागते. तळे, टाकी, टँकर हा क्रम केवळ शब्दांचा नाही. पाण्याची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे सरकत गेली, याची ती नोंद आहे. आणि ती नोंद भाषेने कोणालाही न विचारता आपल्या दप्तरात करून ठेवली आहे.

यूल आणि बर्नेल यांनी ज्या शब्दापुढे दोन मुळे लिहून ठेवली, त्याचा वाद कोशकारांनी पुढेही चालवावा. छिन्नी खरी की बांध खरा, याचा निर्णय आज न लागला तरी कोणाची हानी होणार नाही. पेडणे आणि डिचोलीला मात्र दोन्हींची गरज आहे : जेथे जुनी तळी गाळाने भरली आहेत तेथे खोदणाऱ्या हातांची, आणि जेथे सड्यावरचे पाणी समुद्राकडे धाव घेते तेथे अडविणाऱ्या हातांची. ते हात मिळाले, तर ‘टँक’ या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ या दोन तालुक्यांत पुन्हा नांदू लागेल, आणि मे महिन्यात तिठ्यावर लागणारी बालद्यांची रांग काहीशी आखूड होईल.